कमोडोर ६४, बीबीसी मायक्रो आणि अटारी एसटी: एका ७४०७ वर चालणारं नेटवर्क

प्रश्न थोडक्यात असा: घरात एक कमोडोर ६४, एक बीबीसी मायक्रो मॉडेल बी आणि एक अटारी ५२०एसटी, हे १९८० च्या दशकातले तीन घरगुती संगणक, चालू अवस्थेत आहेत. फ्लॉपी ड्राइव्ह फक्त एसटीला आहे. तिन्ही मशीन कमी खर्चात एकमेकांना जोडून फाइली आणि निरोप इकडून तिकडे पाठवायचे आहेत. पुढे एखादा स्पेक्ट्रम (त्याच काळातला सिंक्लेअरचा संगणक) जोडायचाही विचार आहे.

आधी काय करू नये ते सांगतो. बीबीसीचं स्वतःचं इकोनेट हे नेटवर्क उत्तम आहे, पण त्यासाठी मशीनमध्ये ६८५४ ही वेगळी चिप आणि बाहेर क्लॉक देणारी पेटी लागते. शिवाय कमोडोर आणि अटारीला त्याची भाषा कळत नाही. सगळीच मशीन एसटी असती तर मिडीच्या (वाद्यं जोडायच्या पोर्टच्या) वायरी कड्यासारख्या जोडून काम झालं असतं. १९८७ च्या मिडी-मेझ या खेळात १६ एसटी अशाच जोडता येत. तुमच्याकडे तीन घराण्यांची तीन मशीन आहेत, आणि तिघांत समान असं एकच आहे: साधा असिंक्रोनस सिरीयल पोर्ट, म्हणजे वेगळ्या क्लॉकशिवाय एकाच वायरीवरून एकामागून एक बिट पाठवणारा. तेव्हा त्यावरच बांधायचं.

रचना अशी. मध्ये एक छोटी पेटी. प्रत्येक मशीनची पाठवायची लाइन पेटीत एका ओपन-कलेक्टर गेटमधून (लाइन फक्त खाली ओढू शकणाऱ्या) जाते, सगळ्या गेटांची आउटपुट एकत्र जोडलेली असतात आणि त्या जोडाला एकच १ किलोओहमचा पुल-अप (५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) असतो. हाच बस. कुणीही बोलत नसताना बस ५ व्होल्टवर असतो. कुणीही शून्य पाठवला की खाली येतो. बसवरचं सगळं सगळ्यांना ऐकू जातं, बोलणाऱ्याला स्वतःलासुद्धा. हा स्वतःचा प्रतिध्वनी पुढे फार कामाला येतो.

पुष्कळ जण गेटऐवजी प्रत्येक लाइनमध्ये १एन४१४८ डायोड टाकून भागवतात. टेबलावर चालतं, मग कधीतरी अक्षरं गळायला लागतात. कारण साधं आहे. पाठवणाऱ्या चिपचा 'लो' ०.२ ते ०.४ व्होल्ट, त्यावर डायोडचे ०.६-०.७, म्हणजे बस जेमतेम १ व्होल्टपर्यंत उतरतो. टीटीएल (५ व्होल्टच्या साध्या लॉजिक चिपांच्या) इनपुटला शून्य म्हणून ०.८ च्या खालचं लागतं. डायोडच वापरायचा असेल तर शॉटकी घ्या, बॅट४३ किंवा तत्सम. पण ७४०७ मध्ये सहा गेट येतात आणि तिची किंमतही किरकोळ आहे, त्यामुळे डायोडच्या नादी लागू नये हे माझं मत.

सामान: ७४०७ किंवा ७४एलएस०७ एक, मॅक्स२३२ एक, दोन्हींचे आयसी बेस, १ मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ४, ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक २, रेझिस्टर १ किलोओहम २, १० किलोओहम १, ४७० ओहम १, एक लाल एलईडी, दोन पोलचा टॉगल स्विच एक, झिरो पीसीबीचा तुकडा आणि ५ व्होल्टचा जुना मोबाइल चार्जर. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत हे सगळं मिळतं. दुकानात ७४०६ हातात दिली तर परत करा. पिना तंतोतंत तशाच, पण ती सिग्नल उलटा करते. मग सगळं जोडलेलं बरोबर आणि पडद्यावर कचरा, असा प्रकार होतो.

मॅक्स२३२ कशाला? बीबीसीचा पोर्ट आरएस४२३ आहे, उणे-अधिक ५ व्होल्टचा. एसटीचा खरा आरएस२३२. दोघांनाही ५ व्होल्टच्या टीटीएलवर आणावं लागतं. एका मॅक्स२३२ मध्ये दोन घेणारे आणि दोन देणारे भाग असतात, म्हणजे दोन मशीनना एकच चिप पुरते. कमोडोरचा यूजर पोर्ट मुळातच टीटीएल आहे आणि रिकामा असताना 'हाय' राहतो, तो सरळ गेटवर येतो.

जोडणी अशी:

बीबीसीची पाठवायची लाइन मॅक्स२३२ च्या पिन १३ वर. पिन १२ तिथून ७४०७ च्या पिन १ ला. बस मॅक्स२३२ च्या पिन ११ वर. पिन १४ बीबीसीच्या घ्यायच्या लाइनला.

एसटीची पिन २ मॅक्स२३२ च्या पिन ८ वर; पिन ९ तिथून ७४०७ च्या पिन ३ ला. बस पिन १० वर. पिन ७ एसटीच्या पिन ३ ला. एसटीचं ग्राउंड पिन ७.

कमोडोरची एम पिन टॉगल स्विचच्या एका पोलमधून ७४०७ च्या पिन ५ ला. तिथेच १० किलोओहम ५ व्होल्टला. बस १ किलोओहममधून स्विचच्या दुसऱ्या पोलला, तिथून कमोडोरच्या बी आणि सी या दोन्ही पिनांना. ग्राउंड ए आणि एन.

७४०७ च्या पिना २, ४ आणि ६ एकत्र: हा बस. दुसरा १ किलोओहम इथून ५ व्होल्टला. बस पिन ९ लाही न्या; पिन ८ ला एलईडीची ऋण बाजू, धन बाजू ४७० ओहममधून ५ व्होल्टला. पिन ७ ग्राउंड, १४ ला ५ व्होल्ट. उरलेली इनपुट, ११ आणि १३, ग्राउंडला बांधा.

मॅक्स२३२ च्या कपॅसिटरांत चूक हमखास होते ती पिन ६ वर. पहिल्याची धन बाजू १ ला, ऋण ३ ला. दुसऱ्याची धन ४ ला, ऋण ५ ला. तिसऱ्याची धन २ ला, ऋण ग्राउंडला. चौथा मात्र उलटा: ऋण बाजू ६ ला आणि धन बाजू ग्राउंडला, कारण त्या पिनेवर उणे व्होल्टेज तयार होतं. पिन १६ ला ५ व्होल्ट, १५ ग्राउंड. सिरॅमिक कपॅसिटर प्रत्येक चिपच्या पुरवठ्याला अगदी चिकटून.

स्विच एकट्या कमोडोरलाच का, हे समजून घ्या. बीबीसी किंवा एसटी बंद असेल तर मॅक्स२३२ च्या इनपुटवर शून्य व्होल्ट येतात, आणि त्याला ती चिप 'हाय', म्हणजे रिकामी लाइन मानते. बंद मशीनचा त्रास नाही. कमोडोर बंद असला की त्याची ६५२६ चिप एम पिनेला जमिनीकडे ओढू शकते. गेटला तो कायमचा शून्य वाटतो आणि अख्खा बस अडकतो. कमोडोर बंद करण्याआधी स्विच पाडायचा, सुरू केल्यावर उचलायचा. याच कारणाने पेटीचा पुरवठाही कमोडोरच्या पोर्टमधून घेऊ नका. तिथे १०० मिलिअँपिअरपर्यंत मिळतात खरे, पण कमोडोर गेला की बाकी दोघंही मुकी होतात.

आता कमोडोरचा कनेक्टर, कारण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. यूजर पोर्टला ३.९६ मिलिमीटर अंतराचा, दोन बाजूंना बारा-बारा संपर्कांचा एज कनेक्टर लागतो. तयार मिळाला नाही तर ४४ संपर्कांचा घेऊन करवतीने कापता येतो. कापलेल्या कनेक्टरला खाचांत बसणाऱ्या पट्ट्या नसतात, त्यामुळे तो उलटाही बसतो. उलटा बसला तर काय होतं पाहा. खालच्या रांगेतली दुसरी जागा बी आणि तिसरी सी. कनेक्टर फिरला की त्या वरच्या रांगेच्या पिन ११ आणि १० वर जातात. या दोन पिनांवर ९ व्होल्ट एसी आहे, आणि आपण बी आणि सी एकमेकांना जोडलेल्या आहेत. म्हणजे एसीची दोन्ही टोकं सरळ शॉर्ट. नशीब चांगलं असेल तर मशीनच्या आतला फ्यूज जातो. एम पिन त्याच वेळी ५ व्होल्टच्या पिन २ वर येते. तेव्हा कनेक्टरच्या वरच्या बाजूला नेलपॉलिशचा ठळक ठिपका द्या, आणि खाचांच्या जागी, म्हणजे १-२ च्या मध्ये आणि १०-११ च्या मध्ये, प्लॅस्टिकचे पातळ तुकडे चिकटवा. पाच मिनिटांचं काम आहे.

बीबीसीची पाच पिनांची डिन सॉकेट डॉमिनोच्या पाचासारखी असते. ऑडिओचा पाच पिनी प्लग तिच्यात बसत नाही. ए घेणारी, बी पाठवणारी, मधली सी ग्राउंड, डी सीटीएस (पाठवायची परवानगी देणारी), ई आरटीएस (ती मागणारी). हा प्लगही १८० अंशांत फिरवून बसतो. इथे काही जळत नाही, फक्त बोलणं होत नाही. खात्री मीटरने करा: मधल्या पिनेच्या तुलनेत पाठवणारी पिन रिकामी असताना उणे ५ व्होल्टच्या आसपास असते. प्लगच्या आतच डी आणि ई जोडून टाका. सीटीएस मोकळी राहिली तर बीबीसी एकही अक्षर पाठवत नाही, आणि चूक दुसरीकडे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

एसटीच्या मागे पंचवीस पिनांचे दोन पोर्ट दिसतात. पिना बाहेर आलेला तो मोडेमचा, भोकांचा तो प्रिंटरचा. आपल्याला पहिला हवा, म्हणजे केबलला मादी कनेक्टर.

वीज जोडण्याआधी अर्थिंग तपासा. तिन्ही मशीन आणि पेटी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, आणि त्या बोर्डला खरं अर्थिंग हवं. स्विचिंग सप्लायच्या आत मेन्सपासून चॅसीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर चॅसी तरंगती राहते, हात लावला की मुंग्या येतात. अशा वेळी केबल खुपसताना ग्राउंडच्या आधी सिग्नलची पिन टेकली, तर तो सगळा प्रवाह कमोडोरच्या ६५२६ मधून जातो. केबली नेहमी सगळं बंद करूनच लावा-काढा. आणि कमोडोरचा मूळचा ठोकळ्यासारखा अडॅप्टर वापरत असाल तर आधी त्याचे ५ व्होल्ट मोजा. तो म्हातारा होऊन बिघडतो तेव्हा व्होल्टेज वर जातं आणि मेमरीच्या चिपा घेऊन जातो. बीबीसीच्या सप्लायमधले जुने कागदी फिल्टर कपॅसिटरही फुटून खोलीभर धूर करतात; बदललेले नसतील तर बदलून घ्या.

पहिली चाचणी नुसत्या पेटीची. मॅक्स२३२ च्या पिन २ वर साधारण ८ ते १० व्होल्ट, पिन ६ वर तितकेच उणे. नसतील आणि चिप तापत असेल तर कपॅसिटर उलटा आहे किंवा चिप नकली आहे. बस ५ व्होल्टवर, एलईडी बंद. ७४०७ ची पिन ५ वायरीने ग्राउंडला टेकवा: एलईडी लागला पाहिजे आणि बस ०.४ च्या खाली गेला पाहिजे. मग एकेक मशीन एकटं लावून प्रतिध्वनी पाहा. जे पाठवलं तेच परत आलं तर त्या मशीनची जाणारी आणि येणारी, दोन्ही बाजू ठीक.

हा एलईडी पुढेही डॉक्टरचं काम करतो. सतत पेटलेला राहिला तर कुणीतरी बस खाली धरून बसलंय. एकेक केबल काढत गेलात की चोर सापडतो. लुकलुकतो पण समोर काहीच येत नाही, तर पाठवणारा ठीक, घेणाऱ्याची लाइन पाहा. लुकलुकतो आणि समोर कचरा येतो, तर वेग जुळलेला नाही. पंखा किंवा ट्यूबलाइट लावतानाच कचरा येत असेल तर ग्राउंडची वायर कुठेतरी सुटली आहे.

वेग सगळ्यात लंगड्या गड्याच्या चालीने ठरतो, आणि इथे तो कमोडोर आहे. त्याच्याकडे सिरीयलसाठी वेगळी चिप नाही; रॉममधला प्रोग्राम टायमरच्या आधाराने बिट मोजतो. सेकंदाला १२०० बिटपर्यंत तो विश्वासू आहे, २४०० ला डळमळतो. म्हणून १२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. १२०० वरही चुका होत असतील तर ६०० वर उतरावंसं वाटेल, पण ती वाट बंद आहे: बीबीसीच्या यादीत ३०० नंतर थेट १२०० येतो. खाली जायचं तर ३०० वरच. केबलच्या लांबीची चिंता करू नका. १२०० ला एक बिट ८३३ मायक्रोसेकंदांचा असतो; घरातल्या चार-पाच मीटरांनी त्याला काही फरक पडत नाही.

बीबीसीवर: *एफएक्स ७,४ आणि *एफएक्स ८,४ ने दोन्ही दिशांचा वेग १२००, *एफएक्स २,२ ने कीबोर्ड चालू ठेवून सिरीयल ऐकणं सुरू, *एफएक्स ३,१ ने पडद्यावर जाणारं बसवरही जातं. येणारी अक्षरं २५६ च्या बफरमध्ये साठतात आणि आडव्हल(-२) किती आली ते सांगतं. कॅसेट आणि सिरीयल एकाच चिपवर आहेत, त्यामुळे दोन्ही एका वेळी नाहीत.

कमोडोरवर: ओपन २,२,०,सीएचआर$(८)+सीएचआर$(०). ही ओळ प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला हवी. ती बेसिकच्या मेमरीच्या वरच्या टोकाला २५६ बाइटचे दोन बफर घेते आणि आधीचे सगळे व्हेरिएबल पुसते. क्लोजही तेच करतं. डिस्क किंवा टेपला हात लावण्याआधी ६७३ चा पीक पाहा. त्याचा शेवटचा बिट शून्य होईपर्यंत पाठवणं संपलेलं नसतं.

एसटीवर: एक्सबायॉस १५ ला (सिरीयल पोर्ट लावणाऱ्या सिस्टिमच्या फंक्शनला) वेगाचा कोड ७, हँडशेक (एकमेकांना 'थांब-चालू' सांगणं) ०, आणि तिसरा आकडा १३६, उरलेले तीन -१. जीएफए बेसिकमध्ये आउट १ आणि इन्प(१) पुरतात. आरटीएस-सीटीएस हँडशेकच्या वाटेला जाऊ नका. जुन्या टॉसमध्ये (एसटीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) तो धड चालत नाही, आणि आपल्याला त्याची गरजही नाही.

हँडशेक नाही म्हणजे शिस्त प्रोग्रामने पाळायची. नियम एकच: विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. ज्याच्याकडे डिस्क आहे तो एसटी मुख्य, क्रमांक ०१. तो पाळीपाळीने ०२ (कमोडोर) आणि ०३ (बीबीसी) यांना विचारतो. ज्याला विचारलं तो माहितीची एक चौकट पाठवतो, किंवा 'काही नाही' म्हणतो.

चौकट पूर्णपणे वाचता येण्याजोग्या अक्षरांत ठेवा, प्रत्येक बाइटला दोन हेक्स (१६ च्या पायावरचे) अंक. वेग निम्मा होतो हे खरं, पण कमोडोरवर दुसरा इलाज नाही. तिथे गेट# ला शून्य किमतीचा बाइट आला तरी रिकामी स्ट्रिंग मिळते आणि काहीच आलं नसलं तरीही रिकामीच. त्यावर एएससी लावलं की इल्लीगल क्वांटिटी म्हणून प्रोग्राम थांबतो. हेक्समध्ये शून्य बाइट येतच नाही. शिवाय ० ते ९ अंक आणि ए ते एफ ही मोठी अक्षरं आस्की आणि पेट्स्की (कमोडोरची स्वतःची अक्षरसंहिता) या दोन्हींत सारख्याच क्रमांकांवर आहेत, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न उरत नाही.

क्रम असा: कोलन, कुणाला, कुणाकडून, प्रकार, अनुक्रमांक, बाइटची संख्या, माहिती, चेकसम, कॅरेज रिटर्न. प्रकारासाठी आस्कीचेच जुने आकडे घ्या: ०५ विचारणा, ०२ माहिती, ०६ पोच, १५ नकार, ०४ काही नाही. चेकसम असा की कोलननंतरच्या सगळ्या बाइटची बेरीज २५६ ने भागून बाकी शून्य यावी. एसटीने कमोडोरला 'एच' आणि 'आय' ही दोन अक्षरं पाठवली तर बसवर हे दिसेल:

:०२०१०२०००२४८४९६८

०२ ला, ०१ कडून, माहिती, अनुक्रमांक ००, दोन बाइट, ४८ आणि ४९. हेक्समध्ये बेरीज ९८, म्हणून चेकसम ६८. कोलनच्या आधी आलेलं काहीही फेकून द्यायचं. बीबीसी ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्नच्या आधी जास्तीचा लाइनफीड घालतो, तोही सोडून द्यायचा.

माहिती एका चौकटीत ३२ बाइटपेक्षा जास्त नको. मग पूर्ण चौकट ७८ अक्षरांची होते, ०.६५ सेकंदांची. कमोडोरच्या बफरमध्ये ती आरामात मावते, त्याचं बेसिक मागे रेंगाळलं तरी. त्याच्यावर अक्षरं जोडत जोडत स्ट्रिंग बनवू नका. बेसिक मध्येच टाकाऊ स्ट्रिंगा साफ करायला बसतं, कित्येक सेकंद गप्प राहतं, आणि दोष वायरीवर येतो. आलेलं अक्षर सरळ ४९१५२ पासून पुढे पोक करत जा. तिथले ४ किलोबाइट मोकळेच असतात.

पाठवणाऱ्याने आपला प्रतिध्वनी वाचून पाठवलेल्याशी ताडून पाहायचा. जुळला नाही तर मध्ये कुणीतरी तोंड घातलंय. थांबा, बफर रिकामा करा, चौकट पुन्हा पाठवा. जुळला तरी तो बफरमधून काढून टाकलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी स्वतःचंच बोलणं उत्तर म्हणून वाचलं जातं. मुख्य मशीनने उत्तराची दोन सेकंद वाट पाहावी. एसटी चपळ आहे म्हणून ही मुदत अर्ध्या सेकंदावर आणण्याचा मोह होतो, आणि मग उशिरा उठलेला कमोडोर नेमका पुढच्या विचारणेच्या मध्ये बोलतो. तीन वेळा उत्तर नाही आलं तर तो गैरहजर समजा आणि दहा फेऱ्यांतून एकदा विचारा. पोच हरवली तर तीच चौकट दुसऱ्यांदा येते. अनुक्रमांक मागचाच असेल तर पुन्हा पोच द्या, पण फाइलमध्ये लिहू नका.

हिशेब करून पाहा: १६ किलोबाइटच्या ५१२ चौकटी, पोचेसह वायरीवरच साडेसहा मिनिटं जातात, बेसिकचा वेळ वेगळा. निरोप आणि प्रोग्रामच्या याद्यांना हे चालतं. बेसिकचे प्रोग्राम मात्र लिस्ट करून मजकूर म्हणूनच पाठवा. टोकन (आज्ञांऐवजी आत साठवलेले आकडे) प्रत्येक मशीनचे वेगळे असतात.

स्पेक्ट्रमचं शेवटी. त्याला बाहेरून जोडायच्या इंटरफेस १ चा सिरीयल पोर्ट बिट प्रोग्रामनेच मोजतो आणि तो मुद्दाम ऐकायला बसलेला नसेल तेव्हा आलेलं सगळं वाऱ्यावर जातं. त्याच्याकडे म्हणण्यासारखा बफर नाही. आपल्या बसवर 'जरा थांब' सांगायची सोयच नाही, त्यामुळे बेसिकमधून तो चौकटी गाळणार. त्याला घ्यायचंच असेल तर पूर्ण चौकट वाचणारं छोटं मशीन कोड लागेल. विद्युतदृष्ट्या मात्र अडचण नाही. दुसरी मॅक्स२३२ टाका, ७४०७ च्या पिन ११ ची ग्राउंडची वायर काढून तिचं आउटपुट तिथे द्या, पिन १० बसला. केबल करताना नावांवर जाऊ नका: तिथली टीएक्स म्हणून छापलेली पिन २ हे इनपुट आहे आणि आरएक्स म्हणून छापलेली पिन ३ आउटपुट. पिन ९ वर ९ व्होल्ट असतात, तिला वायर लावूच नका.